मागेल त्याला सौर कृषिपंप : पंप चांगला, माप चुकीचं

तीन एचपीचा सौर पंप किती पाणी देतो, ते आधी पाहू. 3,000 वॅटचे पॅनल, डीसी पंप आणि 50 मीटरवरून उचलायचं पाणी धरलं, तर केंद्राच्या मापदंडानुसार चांगल्या उन्हाच्या दिवशी सुमारे 63,000 लिटर पाणी निघायला हवं. आकडा मोठा वाटतो. पण एका एकरावर एक इंच पाणी द्यायला लाखभर लिटर लागतात, म्हणजे पाटानं भिजवणाऱ्याचं दिवसाला एक एकरही पुरं होत नाही. ठिबकवर मात्र अडीच एकराला रोज 4 मिलिमीटर दिलं तरी 40,000 लिटरमध्ये भागतं. ठिबक नसेल तर हा पंप घेण्यात फारसा अर्थ नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे.

महावितरण राबवत असलेल्या ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेत पंपाचा एचपी ठरतो तो जमिनीवरून. अडीच एकरांपर्यंत तीन, पाच एकरांपर्यंत पाच, त्यापुढे साडेसात. शेतकऱ्याचा हिस्सा 10 टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी 5 टक्के. इतक्या पैशात असा संच बाजारात मिळणार नाही, हे मान्यच. घोळ होतो तो विहिरीपाशी. सात एकर रान आणि मार्चमध्ये अर्धा तास चालणारी विहीर, ही जोडी मराठवाड्यात गावोगाव सापडते. तिथं साडेसातचा पंप बसवला की तो दहा-वीस मिनिटांत तळ गाठतो, पंप कोरडा चालू नये म्हणून कंट्रोलर, म्हणजे त्याची नियंत्रण-पेटी, तो बंद करतो, थोडं पाणी साचलं की पुन्हा सुरू. अशा चालू-बंदचा ताण मोटरवर येतो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

बोअरवाल्यांनी दुसरा हिशेब करावा. तीन एचपीचा पंप जास्तीत जास्त 70 मीटर, म्हणजे साधारण 230 फुटांवरून उचलण्यासाठी बनवलेला असतो. लातूर-धाराशिवकडे सहाशे-सातशे फुटांचे बोअर आहेत. बोअर किती खोल आहे याला इथं महत्त्व नाही, उन्हाळ्यात पाणी कितीवर उभं राहतं ते बघायचं. त्यात टाकीची उंची आणि पाइपातलं घर्षण मिळवा. बेरीज 70 मीटरच्या वर गेली तर तीन एचपीचा नाद सोडा.

बसवणीत सगळ्यात जास्त चूक पॅनलच्या खांबांच्या पायात होते. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. खड्डा मुरूम लागेपर्यंत नेला नाही तर दोन हंगामांत खांब हलतात आणि वळवाच्या वावटळीत पॅनल उलटे पडतात. काँक्रीट ओतताना स्वतः उभं राहा. वीजरोधकाचं अर्थिंग वेगळं, पॅनल आणि कंट्रोलरचं वेगळं. ही दोन्ही एकाच खड्ड्यात दिली तर वीज पडल्यावर कंट्रोलर जळण्याचा धोका असतो. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून घागरभर पाणी ओतायचं.

पॅनल एकाला एक जोडलेले असतात, त्यामुळे एकावर बाभळीची सावली पडली तरी अख्ख्या ओळीची ताकद उतरते. धूळ सकाळी पॅनल थंड असताना धुवावी. बोअरचं जड पाणी तसंच वाळू दिलं तर पांढरे डाग बसतात. लगेच कापडानं पुसा. एक गोष्ट विक्रेता सांगत नाही: खरिपात पावसाचा खंड पडतो तेव्हा अनेकदा आभाळ भरलेलंच असतं. नेमकी गरज असते आणि नेमका तेव्हाच पंप कुंथतो.

दिवसा पाणी देता येतं, हा फायदा मात्र निर्विवाद. रात्री लाईटच्या पाळीसाठी विंचूकाट्यातून रानात जाणं थांबतं. एवढ्यासाठीसुद्धा पंपाला पाचपैकी चार तारे द्यायला हरकत नाही.

सेवेला तीन. पाच वर्षं दुरुस्ती आणि विमा पुरवठादाराकडे आहे, पण यादीतून पुरवठादार निवडताना त्याचा माणूस तालुक्याच्या गावी बसतो का, हे विचारल्याशिवाय निवड करू नका. पॅनल किंवा केबल चोरीला गेली तर आधी पोलिसांत गुन्हा नोंदवा, त्याशिवाय विम्याचं काम हलत नाही.

आणि योजना राबवणाऱ्यांना? दीडच. महिनाभरात 45,911 पंप बसवल्याचा गिनीज विक्रम डिसेंबर 2025 मध्ये छत्रपती संभाजीनगरात साजरा झाला. कोळसा वाचतो, कार्बन कमी होतो, हे खरंच आहे. पण ज्या पंपाला बिल नाही, तो थांबवायला कुणाला कारण नाही. पंप मोजले, उपसा कोण मोजणार? साडेसात एचपीपर्यंत वीजही फुकट, ऊनही फुकट, आणि खाली पाणी मात्र तेवढंच. 2019 मध्ये विभागीय आयुक्तांनी मराठवाड्यात ऊसबंदीची शिफारस केली होती. कारखाने कुणाचे आहेत हे माहीत असलेल्यांना ती का अडली ते विचारावं लागत नाही. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात हिवरे बाजारनं सिंचनाचे बोअर बंद ठेवले, ऊस-केळी नको म्हटलं आणि पाऊस मोजून पिकं ठरवली. तिथल्या नेतृत्वानं आधी नकार द्यायची हिंमत केली. आपल्याकडे फीत कापायला सगळे येतात, ‘या शिवारात आता उपसा पुरे’ म्हणायला कुणी येत नाही.

भूजल जपण्यासाठीच्या केंद्राच्या अटल भूजल योजनेत जालना, लातूर, धाराशिवच्या काही गावांनी पाण्याचा ताळेबंद मांडला होता. सौर पंपाच्या मंजुरीला तो जोडला आणि एकरांबरोबर विहिरीची मे महिन्यातली पाणीपातळी धरली, तर हेच यंत्र पाच ताऱ्यांचं होईल. तोवर अर्ज भरण्याआधी मे महिन्यात दोरीला दगड बांधून विहिरीत सोडा. दोरी किती भिजली ते बघा, विहीर उपसा आणि तेवढंच पाणी परत भरायला किती तास लागतात ते घड्याळ लावून मोजा. चोवीस तासांत जेवढं भरेल, त्याहून जास्त रोज उपसणारा पंप फुकट मिळाला तरी घेऊ नका.