गेलेला वास: सराव करावा की प्लाझ्माची इंजेक्शनं घ्यावीत?

कोविड किंवा साधं पडसं बरं होऊन कित्येक महिने उलटले, नाक मोकळं आहे, तरी वास येत नाही. अशा माणसासमोर हल्ली दोन उपाय येतात. एक म्हणजे घरच्या घरी करायचा वासाचा सराव. दुसरा, स्वतःच्याच रक्तातून काढलेल्या प्लेटलेटयुक्त प्लाझ्माची, म्हणजे पीआरपीची, नाकात दिलेली इंजेक्शनं. पहिला उपाय कंटाळवाणा आहे, दुसरा ऐकायला जोरदार. माझं मत आधीच सांगून टाकतो: सराव नेटाने करून झाल्याशिवाय इंजेक्शनांच्या वाटेला जाऊ नये.

निवड करण्याआधी बिघाड कुठे झालाय ते पाहू. वास ओळखणाऱ्या चेतापेशी नाकाच्या अगदी वरच्या भागात, एका अरुंद फटीत असतात. कोरोनाचा विषाणू प्रामुख्याने या पेशींना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींवर हल्ला करतो, आणि त्या कोलमडल्या की चेतापेशींचंही काम थांबतं. सुदैवाने तळाशी मूळपेशी असतात आणि त्यांच्यापासून नव्या चेतापेशी आयुष्यभर तयार होत राहतात. त्यामुळे बहुतेकांचा वास आपोआप परततो. फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला कोविडनंतर वास गेलेल्या 51 जणांची चाचण्या घेऊन तपासणी केली गेली, तेव्हा वर्षाच्या शेवटी फक्त दोघांचा वास कमी उरला होता. कुठल्याही उपचाराचं यश वाचताना हा आकडा डोक्यात ठेवावा. नुसत्या वाट पाहण्यानेही पुष्कळ जण बरे होतात, आणि श्रेय मात्र शेवटच्या औषधाला मिळतं.

वासाच्या सरावाची पद्धत जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी 2009 मध्ये मांडली. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी असे चार वास सकाळ-संध्याकाळ, एकेक करून, लक्ष देऊन हुंगायचे. किमान 12 आठवडे. खर्च नगण्य, धोका जवळजवळ नाही. अडचण एकच, लोक सोडून देतात. पहिला महिना काहीच घडत नाही असं वाटतं आणि बाटल्या कपाटात जातात. ‘सराव करून पाहिला, उपयोग झाला नाही’ असं म्हणणाऱ्याने तो खरोखर किती दिवस केला, हे स्वतःलाच विचारून पाहावं.

सरावाच्या जोडीला बुडेसोनाइड हे स्टिरॉइड मिठाच्या पाण्यात मिसळून नाक धुण्याचा उपाय आहे. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत सराव आणि नुसतं मिठाचं पाणी यांनी सुमारे 27 टक्के लोकांना फरक पडला, बुडेसोनाइड घातल्यावर सुमारे 44 टक्के लोकांना. स्टिरॉइडच्या गोळ्यांचं मात्र तसं नाही. नेदरलँड्समध्ये कोविडनंतर वास गेलेल्यांना दहा दिवस प्रेडनिसोलोन देऊन पाहिलं, तर ते औषध नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरलं नाही.

आता इंजेक्शनं. रक्त काढून यंत्रात वेगाने फिरवतात आणि प्लेटलेट दाट असलेला थर वेगळा करतात. प्लेटलेटमध्ये पेशींच्या वाढीला चालना देणारी प्रथिनं असतात. ती थेट त्या फटीतल्या ऊतीत पोहोचवली तर नव्या पेशी तयार व्हायला हातभार लागेल, असा त्यामागचा तर्क. नाक आतून बधिर करून, दुर्बिणीतून बघत सुई टोचतात. थोडं रक्त येणं, दुखणं, क्वचित भोवळ येणं एवढं गृहीत धरावं. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील किंवा प्लेटलेटचा काही आजार असेल, तर ते डॉक्टरांना आधीच सांगायला हवं.

पुरावा किती? सगळ्यात जास्त चर्चा होते ती कॅलिफोर्नियात झालेल्या चाचणीची. स्टॅनफर्डच्या झारा पटेल तिच्या संशोधकांपैकी एक. वास जाऊन सहा ते बारा महिने झालेले आणि सराव व स्टिरॉइडचा उपयोग न झालेले रुग्ण तिच्यात घेतले होते. दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने तीन इंजेक्शनं: काहींना पीआरपी, काहींना नुसतं सलाइन. तीन महिन्यांनी पीआरपी गटातल्या सुमारे 57 टक्के लोकांमध्ये लक्षणीय सुधारणा दिसली, सलाइन गटात सुमारे 8 टक्के लोकांमध्ये.

जाहिरातीत एवढंच येतं. पुढचं वाचलं की उत्साह जरा ओसरतो. शेवटी हिशेबात धरलेले रुग्ण होते जेमतेम 26. वास मोजण्याच्या परीक्षेत दोन्ही गटांतल्या गुणांचा फरक सरासरी साडेतीनच्या थोडा वर, तर याच परीक्षेत रुग्णाला जाणवण्याजोगी सुधारणा साधारण साडेपाच गुणांची मानतात. फायदा मुख्यतः दोन वासांतला फरक ओळखण्यात दिसला. वास मंद असताना तो जाणवणं किंवा त्याचं नाव सांगता येणं यात तसा दिसला नाही. आणि मला सर्वांत बोलकी वाटणारी बाब म्हणजे, ‘तुम्हाला किती बरं वाटतंय?’ या प्रश्नावर दोन्ही गटांच्या उत्तरांत फरक नव्हता. सलाइन टोचलेल्यांनाही बरंच वाटत होतं. मग ज्या पाहण्यांत तुलनेचा गटच नाही, फक्त ‘इंजेक्शननंतर रुग्ण सुधारले’ एवढंच आहे, त्यांवर किती भिस्त ठेवायची?

तरीही मी पीआरपी मोडीत काढणार नाही. धोका कमी आहे, आणि ज्यांचे बाकीचे उपाय करून झालेत त्यांच्यापुढे फार पर्याय उरत नाहीत. वास जाऊन दोन-तीन महिनेच झाले असतील तर थांबा, सराव करा. सहा महिने होऊन गेले, सराव आणि नाक धुणं नेमाने झालं, दुर्बिणीने तपासून पॉलिप (नाकातली मऊ गाठ) किंवा सायनसचा आजार नाही हे पक्कं झालं, तर विचार करायला हरकत नाही. वास येतो पण विकृत येतो, कॉफी किंवा कांदा कुजल्यासारखा वाटतो, अशी तक्रार असेल तर आणखी जपून. वरची चाचणी वास कमी झालेल्यांची होती, तिच्यावरून या त्रासाबद्दल फार काही सांगता येत नाही.

दोन्हींतलं काहीही निवडलं तरी तोवर घरात गॅसगळतीचा आणि धुराचा इशारा देणारं यंत्र बसवून घ्या, अन्न शिजवल्याची तारीख डब्यावर लिहा. इंजेक्शनं घ्यायची ठरलीच, तर आधी आणि तीन महिन्यांनंतर वासाची मोजून घेतलेली चाचणी होणार का, हे डॉक्टरांना विचारा. उत्तर ‘नाही’ आलं तर दुसरा डॉक्टर शोधा.