पीजीएस-इंडिया सेंद्रिय प्रमाणपत्र : खरीप आणि रब्बी हंगामांत वापरल्यानंतरचा अनुभव

सेंद्रिय मालाला प्रमाणपत्र घ्यायचं तर आपल्याकडे दोन वाटा आहेत. एनपीओपी (राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम) ही अपेडा या शेतमाल निर्यातीच्या केंद्रीय संस्थेच्या देखरेखीखालची पद्धत. तिथे बाहेरची प्रमाणीकरण संस्था फी घेऊन तपासणी करते. दुसरी पीजीएस-इंडिया, म्हणजे सहभाग हमी पद्धत. गाझियाबादच्या राष्ट्रीय सेंद्रिय व नैसर्गिक शेती केंद्रामार्फत ती २०११ पासून चालते. हिच्यात शेत तपासणारेही शेतकरी आणि निकाल देणारेही शेतकरी. हे मत आहे तूर, हरभरा, ज्वारी घेणाऱ्या कोरडवाहू गटाचं. ग्राहकाला थेट विकणाऱ्यासाठी ही पद्धत चांगली आहे, पण तिचा सगळा भार एकमेकांच्या तपासणीवर आहे. ती ढिली पडली की हातात नुसता कागद उरतो.

गटाला किमान पाच शेतकरी लागतात, एकाच किंवा लगतच्या गावांतले. प्रत्येकाचा अर्ज, सातबारा, शेताचा इतिहास, हाताने काढलेला नकाशा आणि प्रतिज्ञापत्र एवढे कागद झाले की सुरुवात होते. पहिली अडचण सातबाऱ्यावरच येते. बऱ्याच घरांत खातेफोड, म्हणजे वाटणी होऊन प्रत्येकाचा सातबारा वेगळा, झालेली नसते. जमिनीचा गट नंबर एकच, नावं चार, आणि त्यातला एक भाऊ युरिया टाकतो. अशा वेळी नकाशावर आपला हिस्सा चतुःसीमेसकट वेगळा दाखवावा, मधला बांध किती फूट आणि उतार कुणीकडे तेही लिहावं. उतार भावाच्या रानाकडून आपल्याकडे असेल तर वरच्या अंगाला चर काढल्याशिवाय ते शेत मंजूर करू नये. पावसाळ्यात पाण्याबरोबर तणनाशक खाली उतरतं आणि त्याचा दोष आपल्या मालावर येतो.

रूपांतरणाचा, म्हणजे रासायनिक बंद करून सेंद्रियावर येण्याचा, काळ हंगामी पिकांना २४ महिने, फळबागांना ३६. तोवर मिळतं ते ‘पीजीएस-इंडिया ग्रीन’, पुढे ‘पीजीएस-इंडिया ऑरगॅनिक’. अर्ज करताना शेवटचं रासायनिक खत किंवा औषध कधी पडलं ती तारीख खरी लिहावी. मागची तारीख टाकून काळ कमी करायचा मोह अनेकांना होतो, पण शेजारच्या प्रत्येकाला ती फवारणी आठवत असते.

आता तपासणी. दर हंगामाला गटातले किमान तिघे मिळून एका सभासदाचं शेत पाहतात. फॉर्म भरायला त्यांतल्या एकाला तरी लिहितावाचता यावं लागतं. ‘अ’ने ‘ब’चं शेत तपासलं असेल तर ‘ब’ने ‘अ’चं तपासायचं नाही. हा नियम मोडला की तपासणी संपलीच समजा: तू माझं झाक, मी तुझं झाकतो. म्हणून गोल फिरती यादी हंगामाच्या सुरुवातीलाच भिंतीवर लावावी आणि सख्खे-चुलत एकमेकांच्या वाट्याला येणार नाहीत असं बघावं.

शेतात गेल्यावर वही आधी मागू नका. आधी बांधावर चला. बांधाच्या कडेचं गवत एका सरळ रेषेत पिवळं पडलेलं असेल आणि मुळापाशीही हिरवा कोंब नसेल, तर तिथे तणनाशकाचा पट्टा गेलेला आहे. कापलेलं गवत असं दिसत नाही, ते खालून फुटतं. मग गोठा आणि झोपडी. आढ्याला खोचलेल्या रिकाम्या पुड्या, पाटीखालच्या बाटल्या, पंपाच्या टाकीचं झाकण उघडून येणारा वास. पंप मागून आणलेला असेल तर तो कुणाचा, आधी त्यात काय होतं, हे विचारायचंच. गटाने स्वतःचा एक पंप वेगळा ठेवला तर निम्मे वाद मिटतात. वही शेवटी: एकाच पेनाने, एकाच बसणीत लिहिलेली वही डोळ्यांना लगेच कळते. दर फवारणीपुढे काय, किती, कुठून आणलं आणि पावती असं हवं.

बियाण्यात सर्वांत जास्त चुका होतात. तूर-हरभऱ्याचं कंपनीचं बी बहुधा थायरम किंवा कार्बेन्डाझिम ही रासायनिक बुरशीनाशकं लावून रंगवलेलं येतं. ते धुऊन चालत नाही. घरचं बी ठेवावं आणि पेरणीआधी किलोला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोग रोखणारी उपयोगी बुरशी), नंतर २५ ग्रॅम रायझोबियम (नत्र देणारं जिवाणू खत) चोळून सावलीत सुकवावं. कापूसवाल्यांची अडचण याहून मोठी आहे, कारण जनुक बदललेलं बीटी बियाणं या पद्धतीत बसत नाही आणि सरळ वाणाचं बी वेळेवर मिळवणं हेच एक काम होतं.

दुसरी चूक ‘जैविक’ छापलेल्या बाटल्यांची. घटक न लिहिलेलं, एका फवारणीत अळी खाली पाडणारं औषध संशयास्पद समजावं. अशा मालात न सांगता रासायनिक कीटकनाशक मिसळलेलं सापडतं. आमच्या मते गटाने नियमच करावा की घटक आणि उत्पादकाचा पत्ता नसलेली बाटली शिवारात येणार नाही. निंबोळी अर्क घरीच होतो: ५ किलो निंबोळ्या कुटून रात्रभर भिजवायच्या, गाळून १०० लिटर पाणी करायचं आणि त्याच दिवशी संध्याकाळी फवारायचं. उशिरा फवारला तर गुण उतरतो आणि मग लोक म्हणतात सेंद्रियाने काही होत नाही.

काढणीनंतर तर गट जवळजवळ झोपतो, आणि मालात भेसळ तिथेच होते. मळणी यंत्र आधी रासायनिक शेतावर चाललेलं असतं. ते रिकामं चालवून झाडावं, आणि आपलं पहिलं पोतं वेगळं काढून साध्या बाजारात द्यावं. खताच्या गोण्या परत वापरू नयेत. साठवणीत किडीसाठी ठेवतात ती सल्फासची विषारी गोळी चालत नाही. कडधान्य दाताखाली कडकन फुटेल इतकं वाळवून हवाबंद पिशवीत भरलं की भुंग्याचा त्रास बराच आटोक्यात राहतो. शेजाऱ्याच्या फवारणीच्या बाजूच्या कडेच्या ओळी वेगळ्या कापाव्या, वेगळ्या भराव्या.

सगळ्या तपासण्या झाल्या की गट निर्णय घेतो, गोषवारा ऑनलाइन भरून प्रादेशिक परिषदेकडे, म्हणजे गटांच्या निर्णयांना मान्यता देणाऱ्या संस्थेकडे, पाठवतो. परिषद गटाचा निर्णय पूर्ण मान्य करते किंवा पूर्ण परत करते. एकेका शेतकऱ्याला वेगळं काढत नाही. त्यामुळे एकाची चोरी सगळ्यांना भोवते, आणि म्हणूनच दोषी सभासदाला गटाने स्वतःच आधी बाजूला काढणं भाग आहे. हे अवघड आहे. गावात उद्या परत त्याच्याच बैलजोडीची गरज पडणार असते. तरी निर्णय बैठकीच्या वहीत सहीनिशी लिहिला तर राग एका माणसावर येत नाही.

ऑनलाइन भरण्याचं काम शेवटी एका शिकलेल्या पोरावर पडतं. त्याला गटाने मोबदला द्यावा. फुकटची सेवा दुसऱ्या हंगामाला थांबते. उत्पादनाचा अंदाजही जपून भरावा. दोन एकर तुरीला एकरी ४ क्विंटल धरले आणि विक्री ११ क्विंटल दाखवली, तर बाकीचे ३ क्विंटल कुठून आले याचं उत्तर कुणाकडेच नसतं.

लेबलबद्दल. ग्रीनच्या काळात पाकिटावर नुसतं ‘सेंद्रिय’ छापू नये. ग्राहकाला ‘रूपांतरणातला माल’ असं स्पष्ट सांगितलं की तो समजून घेतो. प्रमाणपत्राचा क्रमांक, गटाचं नाव, बॅच, निव्वळ वजन, एमआरपी, पॅकिंगचा महिना आणि संपर्क हे सगळं हवं. एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे सेंद्रिय अन्नाचे नियम २०१७ चे. त्यांत कीटकनाशकाच्या अंशाची मर्यादा साध्या मालाला ठरलेल्या मर्यादेच्या ५ टक्के, किंवा प्रयोगशाळेला मोजता येईल ती पातळी, यांपैकी जी जास्त ती. पीजीएसमध्ये प्रत्येक बॅचचा अहवाल काढला जात नाही, पण घाऊक घेणारा तो मागतोच. नमुना द्यायचा तर शेताच्या मधला आणि कडेचा वेगवेगळा द्यावा, म्हणजे दोष कुठला ते कळतं.

हा शिक्का निर्यातीला चालत नाही; तिथे एनपीओपी लागतं. शिवाय माल गटाच्या ताब्यात आहे तोवरच त्याची हमी. व्यापाऱ्याला पोती दिली आणि त्याने पाकिटं भरली, तर ती पीजीएसची राहत नाहीत. डाळ करायची असेल तर मिल सकाळी झाडून पहिला घाणा आपला लावावा आणि गटाचा माणूस शेवटच्या पोत्यापर्यंत तिथे उभा असावा.

अनुदानासाठी जमलेले गट यात टिकत नाहीत. परंपरागत कृषी विकास योजनेतून तीन वर्षं मदत मिळते, ती संपली की बैठका बंद पडतात. विक्री आधी, गट नंतर असा क्रम ठेवलेले गट तगतात, कारण त्यांना ग्राहकाला दर महिन्याला तोंड दाखवायचं असतं. प्रमाणपत्र १२ महिन्यांचं असतं, तेव्हा मुदत संपायच्या निदान दीड-दोन महिने आधी पुढची तपासणी उरकून गोषवारा पाठवून द्यावा.