खऱ्या माणसांवरचं नाटक करताय? मग ड्रेपरी इथूनच घ्या (सदाशिव पेठेतलं कपडेपटाचं दुकान)

कॉलेजच्या ग्रुपला नाटकाचे कपडे भाड्याने हवे असतील आणि नाटकात खरोखर होऊन गेलेली माणसं असतील, तर भरत नाट्यपासून चालत जाण्यासारखं हे दुकान मी डोळे झाकून सुचवेन. काल्पनिक नाटक असेल, नुसती चमकधमक हवी असेल तर पेठांमधे अशी दुकानं बरीच आहेत, तिथे कदाचित स्वस्तातही पडेल. पण इथे जे मिळतं ते मला दुसरीकडे मिळालं नाही.

आम्ही डॉ. आनंदीबाई जोशींवर एकांकिका केली, प्रयोग सुदर्शन रंगमंचला. ज्यांनी तिथे नाटक बघितलंय त्यांना माहितीये, पहिली रांग इतकी जवळ असते की चोळीच्या मागची झिपसुद्धा दिसते, त्यामुळे लांबून खपून जाईल असलं काही चालत नाही. दुकानात गेल्यावर काकांनी आधी माप विचारलं नाही. साल कोणतं, माणूस कोण, फोटो आहे का, हे तीन प्रश्न. मी त्यांना १८८५ चा तो प्रसिद्ध फोटो दाखवला, फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजमधला, ज्यात जपानची केई ओकामी किमोनोत, सिरियाची तबात इस्लामबूली तिच्याकडच्या पोशाखात आणि आपल्या आनंदीबाई साडीत बसल्यात. काकांनी चष्मा वर करून तो फोटो मोठा करून बराच वेळ बघितला आणि मग आतून साड्या काढायला सांगितल्या. जरीच्या शिवलेल्या पेशवाई नऊवाऱ्या बाहेर टांगलेल्याच होत्या, त्यातली एकही दाखवली नाही. म्हणाले, "ही शिवलेली लग्नात घाला. त्या बाईंसाठी साधी सुती घ्या आणि नेसायला शिका." आमच्या मुलीला काकूंनी तिथेच नेसवून, सोडून, परत तिच्याकडून नेसून घेतली. ह्याचे पैसे वेगळे घेतले नाहीत.

आता पांढऱ्या कोटाचा मुद्दा, कारण ह्यावरून आमच्या ग्रुपमधे खूप वाद झाला होता. शाळांच्या फॅन्सी ड्रेससाठी सगळीकडे 'आनंदीबाई सेट' मिळतो, नऊवारी, पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप. इथेही आहे. अर्ध्या ग्रुपचं म्हणणं होतं की प्रेक्षकांना ती डॉक्टर आहे हे लगेच कळायला हवं, कोट घेऊच. माझा विरोध होता, एक तर तेव्हा डॉक्टर सरसकट पांढरा कोट घालत नव्हते, ती पद्धत नंतर रुळली. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आनंदीबाईंना इथे येऊन डॉक्टरकी करायलाच मिळाली नाही. ११ मार्च १८८६ ला एम.डी. झाल्या, कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्रियांच्या वॉर्डवर नेमणूक झाली, पण परत आल्या त्या क्षयाने खंगूनच, आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या, बावीसही पूर्ण नव्हती. म्हणजे आपण कोट घालून, समोर पेशंटची रांग लावून जो सीन करतो तो तिला जे कधीच मिळालं नाही ते मिळालं असं दाखवतो, बघणाऱ्याला छान वाटतं आणि तिच्यावर झालेला अन्याय गायब होतो. मला हे अजिबात पटत नाही. काकांनी वाद ऐकून घेतला आणि कोट परत हँगरला लावला. त्याचं भाडं गेलं त्यांचं, तरी लावला.

अजून एक. मूळ स्क्रिप्टमधे शेवटी टिळक येत होते. त्यांचा टोप, मिशा, लाल पगडी असं सगळं तयार असतं दुकानात, मागितलं की पाच मिनिटात पिशवीत. काकांनी परत तेच विचारलं, साल कोणतं? १८८७. मग टिळक १८५६ चे म्हणजे तिशीतला तरुण माणूस, आपल्या डोक्यात बसलेला भारदस्त चेहरा तेव्हाचा नव्हेच. तोपर्यंत आम्ही पण बसून विचार केला की ते आनंदीबाईंच्या घरात त्या वेळी होते ह्याला आपल्याकडे आधार काय, आणि आधार नव्हता, फक्त टाळ्या मिळाल्या असत्या. सीन गेला.

सगळ्यात अवघड काम आनंदीबाईंच्या नवऱ्याचं, गोपाळरावांचं. ह्या विषयावर कादंबरी झालीय, नाटक झालंय, सिनेमा झालाय, त्यामुळे प्रत्येकाच्या डोक्यात एक गोपाळराव आधीच असतो, कोणाच्या डोक्यात बायकोला शिकवणारा थोर सुधारक, कोणाच्या डोक्यात विक्षिप्त छळवादी. आणि कादंबरीतले प्रसंग लोक इतिहास म्हणून सांगतात हा त्रास वेगळाच. दुकानात मेकअपवाले दादा पण असतात, त्यांनी सवयीने विचारलं, भुवया जाड करू का, जरा कडक दिसेल. आमचा मुलगा हो म्हणणार होता. पण आनंदीबाईंचं स्वतःचं पत्र आहे, अमेरिकेतून नवऱ्यालाच लिहिलेलं. त्यात त्यांनी लिहिलंय की मी दहा वर्षांची असताना तुम्ही लाकडाच्या तुकड्यांनी मारलंत, बाराव्या वर्षी खुर्च्या पुस्तकं अंगावर फेकलीत, आणि तरी तुमची वागणूक चांगली की वाईट असं मला विचाराल तर मी दोन्ही म्हणेन, हेतू बघितला तर बरोबर होती, लहान मुलीच्या मनावर काय परिणाम होईल हे बघितलं तर चूक. जिने सोसलं तिनेच हा निवाडा देऊन ठेवलाय, आता पाऊण तासात बसत नाही म्हणून आपण त्यातला अर्धा कापायचा? सुधारक दाखवायचा म्हणून मार लपवला तर तिच्याशी बेइमानी, आणि व्हिलन केला तर ज्या माणसाने शिक्षणाचा हट्ट धरला, अमेरिकेत पत्रं पाठवून वाट शोधली, तो माणूसच खोटा पडतो. दोघंही उत्तर द्यायला नाहीत म्हणून आपल्यावर जास्त जबाबदारी येते असं मला मनापासून वाटतं. आपण विद्यार्थी आहोत, शिकतोय, ही सबब इथे चालत नाही कारण समोर बसलेल्या शाळेतल्या मुलीला आनंदीबाई पहिल्यांदा कदाचित आपल्याच नाटकात भेटणार असते.

दादांनी भुवया तशाच ठेवल्या. पोस्टातल्या कारकुनाला शोभेल असं धोतर, बंद गळ्याचा साधा कोट, उपरणं, पगडी, बास. जरीची किनार असलेला कोट ट्रायलला दिला होता तो काकांनीच परत मागून घेतला. त्या साध्या कपड्यात आमचा मुलगा जेव्हा शांतपणे खुर्ची उचलतो तेव्हा थिएटरमधे जे व्हायचं ते जाड भुवयांनी झालं नसतं.

आता तक्रारी, कारण आहेत. कपडे स्वच्छ असतात पण डांबर गोळ्यांचा वास जबरदस्त, रंगीत तालमीच्या आदल्या दिवशी आणून वाऱ्यावर टाका नाहीतर नटाला शिंका. पुरुषांचे कोट मोठ्या मापातच जास्त आहेत, बारीक मुलांना आतून टाके घालावे लागतात (टाके घाला, पिना लावू नका, पिनेने कापड फाटलं तर डिपॉझिटमधून कापतात आणि ते योग्यच आहे). परदेशी पात्रांचे कपडे फार कच्चे. आनंदीबाईंना अमेरिकेत घरी ठेवून घेणाऱ्या मिसेस कारपेंटरसाठी जो गाऊन दाखवला तो ख्रिसमसच्या नाटुकलीतला वाटत होता, आम्ही शेवटी काळा लांब स्कर्ट आणि उंच गळ्याचा ब्लाउज शिवून घेतला. फोन उचलत नाहीत, थेट जावं लागतं, आणि गॅदरिंगच्या दिवसात गेलात तर पायऱ्यांवर उभं राहायची तयारी ठेवा. डिपॉझिट रोख, भाडं ऑनलाईन चालतं. पावती नीट लिहून देतात, प्रत्येक नगाची खूण करून, परत करताना वाद होत नाही.

जाताना पात्रांची यादी, प्रत्येकापुढे साल आणि वय लिहून न्या, मिळाला तर फोटोही प्रिंट काढून न्या, मोबाईलवर काकांना नीट दिसत नाही. दुपारी दुकान बंद असतं, संध्याकाळी लवकर गेलात तर काकू असतात आणि नेसवणं शिकायचं असेल तर त्याच हव्यात. चपला मात्र इथल्या घेऊ नका, सगळ्या सोनेरी मोजड्या आहेत, साध्या चामडी चपला घरून नाहीतर दुसरीकडून बघा.