चर्चमध्ये समतेची गाणी: भुसावळचं समूहगान मंडळ ऐकून

4 एप्रिल हा अमेरिकेतल्या नागरी हक्क चळवळीचे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांचा स्मृतिदिन, 14 एप्रिलला बाबासाहेबांची जयंती. या दोन तारखांमधली एक संध्याकाळ धरून भुसावळच्या एका जुन्या चर्चमध्ये मानवंदनेचा कार्यक्रम झाला. मंडळात चौदा बायका, नऊ पुरुष. साथीला पेटी, ढोलकी, डफ. सगळे हौशी, पण तालीम पक्की. ओळ एकदम उचलतात, एकदम सोडतात.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये एक जण ओळ टाकतो आणि बाकीचे ती झेलतात. आपले शाहीर आणि झीलकरी हेच करतात. मंडळाने हे नेमकं हेरलंय: पुढचा आवाज खडा, शाहिरी, मागची झील एकाच वेळी तीन वेगवेगळ्या सुरांत. संध्याकाळचा सर्वांत जिवंत भाग हाच. कृष्णवर्णीयांच्या त्या गाण्यांत टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडते, आपला हात मात्र सवयीने समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर जातो. तसं झालं की लय धावते आणि गाण्याची कवायत होते. म्हणून त्यांनी सुरुवातीलाच श्रोत्यांकडून दोन मिनिटं नुसती टाळी करून घेतली. फार शहाणपणाचं काम.

'वुई शॅल ओव्हरकम' मात्र पट्टीत फसलं. 1945-46 मध्ये दक्षिण कॅरोलिनातल्या चार्ल्सटनला तंबाखू कारखान्याच्या संपात कामगार बायका हे गात होत्या. 1960 पासून ते नागरी हक्क चळवळीचं गाणं झालं. ते सगळ्यांनी मिळून म्हणायचं आहे. मंडळाने सफेद चार, म्हणजे पेटीची चौथी पांढरी पट्टी धरली. तिसऱ्या ओळीत चाल वर चढते, तिथे बाकांवरचे पुरुष गप्प झाले. सफेद दोन धरली असती तर अख्खं चर्च गायलं असतं. शब्दांची पत्रकंही वाटायला हवी होती.

अहिराणी ओव्यांना चार सुरांची जोड दिली, तीही खटकली. ओवी सगळ्यांनी एकाच सुरात म्हटली तरच उभी राहते. वेगवेगळ्या सुरांत अक्षरं पुढेमागे पडली आणि अर्थ हरवला, तोही अहिराणी कळणाऱ्या श्रोत्यांसमोर!

आवाजाची मांडणी निम्मी बरोबर होती. गायकांच्या सहा फूट पुढे आणि डोक्यापेक्षा वर दोन माईक, हे उत्तम. पण उंच छत आणि दगडी भिंती असताना ढोलकीला वेगळा माईक कशाला? थाप घुमत राहिली आणि पेटी बुडाली. कार्यक्रमाच्या मध्यावर तो माईक काढला, तेव्हा सगळं स्वच्छ झालं. डोक्यावरचे पंखे हळू गाण्यांपुरते तरी बंद ठेवावेत. एप्रिलचा उकाडा पाच मिनिटं सोसतो.

31 जुलैला धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर भीमस्मृती यात्रा भरते. तिथे या मंडळाला जरूर बोलवावं. उघड्यावर घुमारा नसतो, त्यामुळे तिथे ढोलकीला माईक लागेल, डफ दोन लागतील आणि झीलकऱ्यांना अर्धवर्तुळात दाटीने उभं करावं लागेल, नाहीतर त्यांना एकमेकांचा सूर ऐकू येणार नाही.