अफवेच्या आधी पोहोचता येते का? एका संवाद-सेवेचा अनुभव

2025 मध्ये अनंत चतुर्दशीच्या आदल्याच दिवशी ईद-ए-मिलाद आली होती. जुन्या नाशकातील आमच्या नागरिक समितीने त्यामुळे दोन महिने आधीच, सलोखा आणि हिंसक अतिरेकाला प्रतिबंध या विषयांवर काम करणाऱ्या एका व्यावसायिक जनसंपर्क संस्थेची सेवा घेतली. करारात तीन कामे होती : कार्यकर्त्यांचे प्रशिक्षण, अफवांना उत्तर देणारी यंत्रणा आणि एक प्रचारफीत. संस्थेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण खाली लिहिलेले दोष या क्षेत्रातील बऱ्याच सेवांमध्ये आढळतात.

सुरुवात फसली. निमंत्रणपत्रिकेवर ‘हिंसक अतिरेकीपणा प्रतिबंध कार्यशाळा’ असे ठळक छापलेले होते आणि ती पत्रिका आमच्या सदस्यांनी घरोघर वाटली. परिणामी पहिल्या दिवशी मुस्लिम वस्तीतून जेमतेम चार माणसे आली. त्यांतील एका निवृत्त शिक्षकांनी शांतपणे विचारले, “आम्हांला पाहुणे म्हणून बोलावले आहे की संशयित म्हणून?” हिंसक अतिरेक कोणत्याही एका प्रदेशाची, राष्ट्रीयत्वाची किंवा श्रद्धेची मक्तेदारी नाही, ही भूमिका संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी जानेवारी 2016 मध्ये महासभेपुढे मांडलेल्या कृती आराखड्यातही आहे. संस्थेच्या सादरीकरणात त्या आराखड्याचा उल्लेख दोनदा होता. पत्रिकेचा मजकूर लिहिणाऱ्याने मात्र तो वाचला नसावा. एवढे खरे की संस्थेने चूक तत्काळ मान्य केली, दुसऱ्या दिवसासाठी ‘अफवा आणि शेजार’ असे साधे नाव घेतले आणि सभागृह भरले.

त्या दुसऱ्या दिवसाविषयी सविस्तर लिहिले पाहिजे, कारण या सेवेचे खरे मोल तिथे कळले. प्रशिक्षक बाईंनी 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेतून पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारल्याची घटना सांगितली. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा जाहीर केली, हेही सांगितले. मग प्रत्येक टेबलावर एका पांढऱ्या व्हॅनचे छायाचित्र असलेला बनावट संदेश ठेवून वीस मिनिटांत उत्तर लिहायला लावले. आमच्यातील सुशिक्षितांनी मूळ अफवा पहिल्याच ओळीत जशीच्या तशी उतरवून तिच्याखाली ‘हे साफ खोटे आहे’ असे लिहिले. चौक मंडईत रफूचे काम करणाऱ्या गृहस्थांनी मात्र तीनच ओळी लिहिल्या : “ही गाडी शाळेच्या मुलांची आहे. मुले पळवण्याची गोष्ट खोटी आहे. चालक रोज साडेसातला आमच्या दुकानासमोर थांबतो, उद्या येऊन बघा.” बाईंनी तोच कागद फळ्यावर लावला. आधी खरे काय ते, मग अफवेचा एकदाच उल्लेख आणि शेवटी पुन्हा खरे, हा क्रम का उपयोगी पडतो ते त्यांनी त्यावरूनच समजावले : वारंवार कानावर पडलेली गोष्ट, ती खोडून काढण्यासाठी सांगितलेली असली तरी, ओळखीची होते आणि ओळखीची गोष्ट माणसाला खरी वाटू लागते.

भिवंडीचे उदाहरणही योग्य ठिकाणी आले. 1984च्या दंगलीत होरपळलेल्या त्या शहरात पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी पुढे मोहल्ला समित्या उभारल्या आणि 1992-93 मध्ये मुंबई पेटलेली असताना भिवंडी शांत राहिली. आमची दूरध्वनी-साखळी याच धर्तीवर बांधण्यात आली. प्रत्येक गल्लीत दोन्ही समाजांचा एकेक माणूस नेमला. काही कळले की त्या दोघांनी आधी एकमेकांना फोन करायचा, जागेवर जाऊन पाहायचे आणि नंतरच गटावर लिहायचे, असा नियम ठरला. विसर्जनाच्या दिवशी ती साखळी दोनदा वापरली गेली आणि दोन्ही वेळा गोष्ट निव्वळ वाहतूक कोंडीची निघाली.

प्रचारफितीविषयी फारसे चांगले लिहिता येत नाही. वेगवेगळ्या टोप्या घातलेली तीन मुले, कबुतर, सूर्योदय आणि ‘सहिष्णुता जोपासूया’ हे वाक्य. आमच्याकडे हा शब्द भाषणात ऐकू येतो, ओट्यावर माणसे शेजारधर्म म्हणतात. चित्रीकरणातील गल्ली पाहून एका आजींनी “एवढी रुंद गल्ली आपल्याकडे कुठली?” असे म्हटल्यावर सारे सभागृह हसले आणि फितीचा प्रभाव तिथेच ओसरला.

अहवालाचा दोष अधिक गंभीर आहे. फीत किती जणांनी पाहिली याचे रंगीत आलेख पंधरा पानांवर आहेत. परंतु खुलासा नेमका त्याच गटात पोहोचला का जिथे अफवा निघाली, किती मिनिटांत पोहोचला आणि तो वाचून कोणी आपला संदेश मागे घेतला का, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्यात नाही. हे आकडे साखळीतील माणसांच्या फोनमध्येच होते. कोणी ते मागितले नाहीत.

दराविषयी थोडक्यात : निम्मी रक्कम आगाऊ, जीएसटी वेगळा आणि सर्वांत मोठा वाटा फितीचा. 2027च्या सिंहस्थाआधी आम्ही प्रशिक्षण आणि साखळी एवढ्याच दोन कामांचे नवे दरपत्रक मागवले आहे. पत्रिकेचा मजकूर छपाईपूर्वी आमच्या त्या निवृत्त शिक्षकांना दाखवावा, अशी अटही त्यात लेखी घातली आहे.