फेरशस्त्रक्रियेतील मायक्रो-डॉप्लर प्रोब: कामाचा, पण कोन सांभाळून

मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीच्या गाठीवर नाकावाटे दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करताना गाठीपेक्षा जास्त त्रास देतात त्या पहिल्या शस्त्रक्रियेच्या चिवट व्रणऊती. ज्यांच्या आधारे मध्यरेषा ओळखायची ते स्फेनॉइड पोकळीतील (नाकामागच्या हाडातील पोकळी) हाडाचे पडदे बहुधा आधीच काढलेले असतात आणि मेंदूला रक्त पुरवणारी कॅरोटिड धमनी नेमकी कुठे आहे, हे नुसत्या नजरेने सांगता येत नाही. अशा वेळी मायक्रो-डॉप्लर प्रोब, म्हणजे ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह टिपणारी बारीक सळई, मला न्यूरोनॅव्हिगेशनपेक्षाही (उपकरण कुठे आहे ते स्कॅनवर दाखवणारी यंत्रणा) भरवशाचा वाटतो, कारण नॅव्हिगेशन शस्त्रक्रियेपूर्वीच्या स्कॅनवर चालते, तर डॉप्लर त्या क्षणीचा रक्तप्रवाह ऐकवतो. ड्युरा, म्हणजे मेंदूभोवतीचे जाड आवरण, उघडण्यापूर्वी सलाइनने ओल्या केलेल्या जागेवरून प्रोबचे टोक अगदी सावकाश सरकवले की धमनीजवळ लयबद्ध फुत्कार ऐकू येतात, आणि चीर कुठवर न्यायची ते तिथेच ठरते. बायोनेट आकाराची (मध्ये दुमडून बाजूला सरकलेली) दांडी एंडोस्कोपच्या, म्हणजे नाकातून घातलेल्या दुर्बिणीच्या, आड फारशी येत नाही, हीसुद्धा सोय. मात्र टोक ज्या दिशेला, तेवढेच ऐकू येते. कोन चुकला किंवा मध्ये जाड हाड राहिले, तर शांतता फसवी ठरते. शिवाय नाकाच्या पडद्याचा फ्लॅप (छिद्र झाकायला वळवून घेतलेला अस्तराचा तुकडा) पूर्वीच वापरलेला असल्यास मेंदूजलाची गळती रोखण्यासाठी मांडीतील फॅशिया लाटा (स्नायूंवरचा चिवट पडदा) घेण्याची तयारी आधीपासून ठेवावी लागते, आणि त्यात या प्रोबचा काही उपयोग नाही.