सायपायमधील नवी कोबायला : संत्र्याच्या पाण्याच्या हिशेबावर पारखलेली

पायथन या संगणकीय भाषेतील सायपाय या मोफत गणिती संग्रहाच्या जून २०२५ मधील १.१६ या आवृत्तीपासून कोबायला ही ऑप्टिमायझेशनची, म्हणजे सर्वांत योग्य उत्तर शोधण्याची, पद्धत फोर्ट्रान ७७ या जुन्या संगणकीय भाषेऐवजी शुद्ध पायथनमधून चालते. हा बदल प्रत्यक्ष कामासाठी कितपत उपयोगी आहे, एवढ्यापुरतेच हे परीक्षण आहे.

माझे काम वरूड परिसरातील संत्रा बागांचे आहे. येथे भूजलाचा उपसा पुनर्भरणाला मागे टाकून गेला असल्यामुळे, आंबिया बहारासाठी, म्हणजे हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्यासाठी, पाणी बंद ठेवून दिलेला ताण तोडल्यानंतर झाडाला नेमके किती पाणी द्यावे, याचा हिशेब अंदाजावर सोडणे परवडत नाही. त्यासाठी जमिनीतील ओलाव्याचे एक छोटे प्रतिमान (गणिती नमुना) वापरतो आणि त्यातील अज्ञात घटक, म्हणजे जमिनीची जलधारण क्षमता, झाड कोमेजण्याची ओलाव्याची पातळी इत्यादी, मोजलेल्या ओलाव्याशी जुळवून काढतो. काळ्या जमिनीला भेगा असताना पाणी एका रीतीने मुरते आणि भेगा मिटल्यावर दुसऱ्या रीतीने. त्यामुळे प्रतिमानात जागोजागी जर-तर येतात आणि उतारावर, म्हणजे डेरिव्हेटिव्हवर, विसंबणाऱ्या पद्धती तेथे अडखळतात. कोबायलाला उतार लागत नाही. जितके अज्ञात घटक असतील त्यांहून एक अधिक इतक्या बिंदूंवर, म्हणजे घटकांच्या तितक्या निवडींवर, ती किमान करायच्या सूत्राची किंमत (येथे प्रतिमान आणि मोजलेला ओलावा यांतील तफावत) काढते, त्यांवरून रेषीय अंदाज बांधते, ठरावीक त्रिज्येच्या आत पुढचा बिंदू निवडते आणि प्रगती खुंटली की ती त्रिज्या लहान करत जाते.

ही पद्धत केंब्रिजचे गणितज्ञ एम. जे. डी. पॉवेल यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांचा मूळ कोड गो-टू आज्ञांनी, म्हणजे कोडमध्ये इकडून तिकडे उडी मारायला लावणाऱ्या आज्ञांनी, इतका विणलेला होता की तो चालवणारे पुष्कळ, पण वाचून समजून घेणारे थोडेच होते. पॉवेल यांच्या निधनानंतर झायकुन झांग यांनी प्रिमा या प्रकल्पात त्यांच्या पाच पद्धती आधी आधुनिक फोर्ट्रानमध्ये नीट रचून लिहिल्या आणि सायपायमधील पायथन रूप त्याच घराण्यातून आले आहे. मला ही वाट सर्वांत योग्य वाटते, कारण जुन्या कोडवरून थेट पायथनमध्ये उडी मारली असती, तर भाषा बदलण्याच्या आणि रचना बदलण्याच्या चुका एकमेकींत मिसळल्या असत्या.

या चुकांचा स्वभावच फसवा असतो. फोर्ट्रानमध्ये ओळीतील घटकांची मोजणी एकापासून होते, पायथनमध्ये शून्यापासून. एखाद्या ठिकाणी वजा एक असा क्रमांक गेला तर पायथन तक्रार न करता शेवटचा घटक उचलून देते. तरीही कार्यक्रम कोलमडत नाही. धुरकरी झोपला तरी बैल घर गाठतात, तसे चुकीचे रूपांतरही बऱ्याचदा उत्तराच्या जवळपास पोहोचते. फक्त वाट लांबते. म्हणून अशा कामात अंतिम उत्तर जुळले एवढ्यावर समाधान मानता येत नाही, प्रत्येक पायरीवरचा बिंदू मूळ कोडशी ताडून पाहावा लागतो.

प्रिमाने केवळ भाषा बदललेली नाही, जुन्या कोडमधील दोषही काढले आहेत. कोबायला वाटेत घटकांवर घातलेल्या मर्यादा ओलांडू शकते. अशा वेळी कोमेजण्याची पातळी जलधारण क्षमतेपेक्षा जास्त ठरली, तर माझ्या प्रतिमानात ऋण संख्येचे वर्गमूळ निघते आणि किंमत संख्याच उरत नाही. अशा किमतींनी जुने फोर्ट्रान कोड अंतहीन फेऱ्यांत अडकू शकत असत. प्रिमा अशा किमतीच्या जागी मोठी पण मर्यादित संख्या धरून पुढे जाते. बागेच्या हिशेबाला याचाच सर्वाधिक उपयोग झाला.

उणे बाजूही सांगितली पाहिजे. शुद्ध पायथन असल्याने पद्धतीचा स्वतःचा प्रत्येक फेरीचा खर्च वाढतो. तुमचे फलन, म्हणजे ज्याची किंमत काढायची ते सूत्र, क्षणार्धात मोजून होत असेल तर हा फरक जाणवेल, प्रतिमानच सावकाश चालत असेल तर नाही. फलन मोजण्याच्या वेळा सहसा कमी होतात, परंतु काही प्रश्नांत त्या वाढू शकतात किंवा उत्तर किंचित कमी प्रतीचे येऊ शकते, हे सायपायनेच स्पष्ट केले आहे. सुरुवातीची त्रिज्या पूर्वीप्रमाणेच १ गृहीत धरली जाते. एक घटक ०.२ च्या आसपास आणि दुसरा १५० मिलिमीटर असेल, तर सर्व घटक आधी समान मापावर आणल्याशिवाय ही पद्धत वापरूच नये. नवख्या माणसाला ही सूचना ठळकपणे मिळायला हवी होती.

पाचपैकी चार गुण देतो. मागील हंगामाचे आकडे जुन्या आवृत्तीवर काढले असतील तर ते शेवटच्या अंकापर्यंत जुळणार नाहीत, म्हणून पाण्याच्या प्रत्येक तक्त्यावर सायपायची आवृत्ती लिहून ठेवावी आणि बहाराच्या ऐन मध्यात ती बदलू नये.